मीठ लावल्यापासून ताटापर्यंत

मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली नाक्याशी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याला या परिसराचे पालटलेले जीवन कोणत्याही सरकारी अहवालावाचून समजेल. जेथे पूर्वी भाताची खाचरे होती तेथे आता गोदामांच्या ओळी उभ्या आहेत. दिवसपाळी सुटते, रात्रपाळी भरते, मालमोटारींची रीघ लागते, आणि उल्हास खाडीवर मोठागाव-मानकोली पूल झाल्यापासून डोंबिवलीकडची वर्दळही याच नाक्याला येऊन मिळाली आहे. या गर्दीतून घराकडे वळणाऱ्यांत, वार बुधवार, शुक्रवार किंवा रविवार असेल तर, काहींच्या हातातील पिशवीत वाटेत घेतलेली अर्धा किलो सुरमई असते. आणि तिच्याबरोबर मनात एक चिंताही असते, की आता घरी पोचायला आठ वाजणार, मग मासळी धुवायची, मसाला लावायचा, ती दोन तास मुरायची, त्यानंतर तळायची, तोवर मुले पेंगुळणार, तेव्हा आज तिला नुसते मीठ-हळद चोळून फ्रीजमध्ये ठेवावे आणि आमटी-भातावर वेळ भागवावी हेच बरे.

ही चिंता निराधार आहे, आणि ती निराधार का आहे हे उलगडून सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मसाल्यात मुरलेली सुरमईची तुकडी, पिशवी ओट्यावर ठेवल्यापासून ताटात पडेपर्यंत, पाऊण तासात उत्तम होते. आणि या पाऊण तासातही आचेवरचे प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांहून अधिक नसते. दोन-दोन तास मुरवण्याचा जो दंडक आपल्या स्वयंपाकघरांत रूढ झाला आहे, तो मुळात मटणाचा आहे, आणि मटणाचा कायदा मासळीला लावणे हाच या साऱ्या विलंबाचा उगम होय. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याला आपल्या देहाचा भार स्वतःच्या पायांवर पेलावा लागतो, म्हणून त्याचे स्नायू चिवट पटलांनी घट्ट बांधलेले असतात आणि ती बांधणी सैल करायला दही, पपई, वेळ आणि दीर्घ शिजवण यांची गरज पडते. माशाचा भार मात्र पाणी पेलते, त्यामुळे त्याचे स्नायुतंतू आखूड, त्यांना जोडणारी पटले पातळ, आणि ती पटले थोड्याशा उष्णतेने विरघळून जातात. शिजलेल्या सुरमईच्या ज्या शुभ्र पाकळ्या काट्यापासून अलगद सुटतात, त्या या नाजूक बांधणीचेच फळ आहेत. जे मूळचेच मऊ आहे, त्याला मऊ करण्यासाठी ताटकळत ठेवण्यात कोणता अर्थ?

परंतु पाऊण तासाचा हा हिशेब जुळण्यासाठी त्याचा प्रारंभ घरी नव्हे, तर मासळी घेतानाच व्हायला हवा. मुंबईचा ससून डॉक, जो 1875 साली खुला झाला, आणि भाऊचा धक्का या दोन्ही ठिकाणी लिलाव भल्या पहाटे होतात; तेथून निघालेली मासळी भिवंडी-कल्याणच्या बाजूला येऊन संध्याकाळी आपल्यासमोर येते, तेव्हा तिला धक्क्यावर उतरूनच दहा-बारा तास झालेले असतात, आणि होडीवरच्या बर्फातले दिवस त्याहून निराळे. म्हणून ती या साऱ्या वेळात बर्फात होती की नव्हती, हा पहिला प्रश्न. अख्खा मासा समोर असेल तर त्याचे डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लालभडक, आणि अंग बोटाने दाबले असता खळगा तत्काळ भरून येणारे असावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण संध्याकाळी आपल्याला बहुधा कापलेल्या सुरमईचा उरलेला भाग मिळतो, आणि कापलेल्या मासळीची परीक्षा निराळी असते. तुकडीच्या मधल्या काट्यालगतचे रक्त तांबडे असावे, तपकिरी नसावे. मांसाला ओलसर तकाकी असावी, पण तुकडीखाली पांढुरके पाणी साचलेले नसावे. आणि मांस काट्याला घट्ट धरून असावे, त्याच्या पाकळ्या कच्च्यातच फाकलेल्या नसाव्यात. फाकलेली तुकडी तव्यावर हमखास मोडते, मग तिला कितीही उत्तम मसाला लावा.

यापुढची गोष्ट जाडीची, आणि माझ्या मते संपूर्ण कृतीत हिच्याइतकी निर्णायक दुसरी कोणतीही गोष्ट नाही. मासळीवाल्या मावशींना आपण अर्धा किलोची ऑर्डर देतो, मधला भाग मागतो, भावाची घासाघीस करतो, परंतु तुकडी किती जाडीची हवी हे मात्र सांगत नाही. त्या आपल्या सवयीने कोयता चालवतात, आणि मग एक तुकडी बोटभर जाड तर दुसरी पापडासारखी पातळ अशी घरी येते. तव्यावर या दोघींचा एकाच वेळी न्याय करणे अशक्य असते. पातळ तुकडी वाळून कोरडी होईपर्यंत जाड तुकडीच्या काट्याजवळ कच्चेपण राहते. म्हणून मावशींना स्पष्ट सांगावे, की सगळ्या तुकड्या सारख्या, अर्ध्या इंचाच्या करा. इंच बोलण्याचा संकोच वाटल्यास करंगळीच्या जाडीच्या म्हणावे. मध्यम आकाराच्या सुरमईच्या अशा पाच ते सहा तुकड्या अर्धा किलोत बसतात. डोके आणि शेपटीकडचा निमुळता भाग तळण्यात दवडू नये, तो दुसऱ्या दिवशीच्या कालवणासाठी बाजूला काढावा.

घरी आल्यावर तुकड्या वाहत्या पाण्याखाली एकदा, फार तर दोनदा, धुवाव्यात. काट्यालगतचे साकळलेले रक्त आणि पोटाच्या आतली काळी पातळ त्वचा अंगठ्याने काढावी, कारण कडसर चव आणि उग्र वास बव्हंशी तेथेच दडलेले असतात. मात्र पाण्यात बुडवून ठेवू नयेत. आणि धुतल्यावर, हे वाक्य वाचकांनी विसरू नये अशी विनंती आहे, प्रत्येक तुकडी स्वच्छ पंचाने दोन्ही बाजूंनी टिपून कोरडी करावी. ओल्या तुकडीला लावलेला मसाला ओघळून ताटलीत जमा होतो, तव्यावर ती तुकडी तळली न जाता आधी उकडली जाते, तेल उडते, पीठ सुटते, आणि ज्या दोषासाठी आपण तव्याला किंवा तेलाला बोल लावतो, त्याचे मूळ या एका टाळलेल्या मिनिटात असते.

आता मीठ. ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या आगरी समाजाचे नावच आगरावरून, म्हणजे मिठाच्या शेतावरून, आले असे मानतात; भात, मीठ आणि मासळी या तिन्हींवर ज्यांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांच्या घरी म्हावऱ्याला, म्हणजे मासळीला, पहिले मीठ लागते आणि मग बाकीचे सारे, हा क्रम काही योगायोग नव्हे. मसाल्याच्या साऱ्या परिवारात मांसाच्या आतवर खरोखर शिरणारे द्रव्य एकच, ते मीठ. लसणाचा, मिरचीचा, धण्याचा अंमल तुकडीच्या पृष्ठभागावर आणि त्याखाली केसभर चालतो, त्यांना दोन तास दिले काय नि दहा तास दिले काय, ते मध्यापर्यंत पोचत नाहीत. अर्ध्या इंचाच्या तुकडीला मात्र मीठ दोन्ही बाजूंनी शिरते, म्हणजे त्याला प्रत्येक बाजूने पाव इंचच वाट कापायची असते, आणि तळणाला चव यावी इतके काम ते पंधरा-वीस मिनिटांत करते. शिवाय ते पृष्ठभागावरचे थोडे पाणी ओढून घेते आणि मांसाला किंचित घट्टपणा आणते, त्यामुळे उलटताना तुकडी तुटत नाही. अर्धा किलोला चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद, एवढे प्रमाण मी योग्य मानतो. चिंच किंवा कोकम घालायचे म्हणून मीठ वाढवण्याची प्रवृत्ती असते, तिला आवर घालावा, कारण मासळीतून पाणी उडाल्यावर खारटपणा आपोआपच वाढतो.

मिठाबरोबरच आंबट यायला हवे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा जो ज्ञानकोश रचला, त्यात राजाच्या भोजनाचे वर्णन करताना माशांचे तुकडे करून ते स्वच्छ धुणे, चिंचेच्या रसात शिजवणे आणि हळद लावणे या क्रिया सांगितल्या आहेत. म्हणजे चिंच आणि हळद यांची मासळीशी पडलेली गाठ सुमारे नऊशे वर्षांची तरी आहे. या गाठीला रसायनाचाही आधार आहे. समुद्रातील मासा मेल्यावर त्याच्या शरीरातील एका द्रव्याचे विघटन होऊन जो वायुरूप पदार्थ बाहेर पडतो, तोच आपण ज्याला हिवस वास म्हणतो तो वास. हा पदार्थ क्षारधर्मी असल्यामुळे आम्लाशी संयोग पावून बद्ध होतो आणि मग हवेत उडत नाही. कोकमाचे आगळ, चिंचेचा कोळ, लिंबाचा रस, यांपैकी कशानेही हे कार्य साधते. परंतु तिघांचा स्वभाव एकसारखा नाही. आगळ रंग देते आणि त्याचा आंबटपणा गोलसर असतो, चिंच मसाल्याला अंगी लागते पण तिच्यातील गोडव्यामुळे तव्यावर लवकर करपते, आणि लिंबू सर्वांत तीव्र. अर्धा किलोला आगळाचे चहाचे दोन चमचे, किंवा चिंचेच्या घट्ट कोळाचा एक मोठा चमचा, किंवा अर्ध्या लिंबाचा रस पुरे.

आम्लाच्या बाबतीत मुदतीचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. लिंबाचा रस लावून मी एकदा हलव्याच्या तुकड्या रात्रभर ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते आणि जितके जास्त मुरेल तितके बरे अशी माझी तेव्हा समजूत होती. सकाळी पाहतो तो मांस पांढरे पडून दुधाळ झालेले, आणि तळल्यावर ते चोथ्यासारखे कोरडे व ठिसूळ लागले. आम्ल हे उष्णतेप्रमाणेच मांसातील प्रथिने गोठवते. म्हणजे तुकडी तव्यावर जाण्यापूर्वीच अर्धीअधिक शिजून चुकलेली असते आणि मग तवा तिला दुसऱ्यांदा शिजवतो. यासाठी आंबट लावल्यापासून तळेपर्यंतचा काळ अर्ध्या तासाच्या आतच राहील अशी तजवीज करावी. अर्थात आपली निकड आणि मासळीचे हित या ठिकाणी एकाच बाजूला उभी आहेत, याहून आनंदाची गोष्ट कोणती!

मीठ, हळद आणि आंबट चोळून तुकड्या ताटलीत पसरून ठेवल्या की दहा मिनिटे मोकळी मिळतात, त्या वेळात दोन कामे करावीत. पहिले, तांदूळ धुऊन कुकर चढवावा, म्हणजे भात आणि मासळी एकाच वेळी तयार होतील. भाकरी करायची असेल तर उकड काढून झाकून ठेवावी. दुसरे, वाटण. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, इंचभर आले, दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर, यांत पाणी शक्यतो घालू नये, घालावेच लागले तर चमचाभर, आणि अगदी गंधासारखे बारीक वाटावे; भरड राहिलेला लसूण तव्यावर आधी करपतो आणि त्याची कडू चव संपूर्ण तुकडीला लागते. या वाटणात घरचा आगरी लाल मसाला चहाचे दोन चमचे मिसळावा. चैत्र-वैशाखात मिरच्या आणि खडे मसाले उन्हात वाळवून, भाजून, डंकावर कुटून वर्षाची बेगमी करणाऱ्या घरांत हा मसाला असतोच. नसेल तर चांगली मिरचीपूड दीड चमचा आणि धणेपूड अर्धा चमचा घ्यावी. बाजारात माशांच्या तळणासाठी म्हणून जी तयार मसाल्याची पाकिटे मिळतात, त्यांत बहुधा मीठ आणि आंबट आधीच घातलेले असते, तेव्हा ती वापरणाऱ्यांनी पाकिटावरील मजकूर वाचून आपले मीठ निम्म्यावर आणावे.

तुकड्यांना सुटलेले पाणी टाकून द्यावे आणि मग वाटण चोळावे. थर पातळच हवा, इतका की खालच्या मांसाचा आकार आणि मधला काटा दिसत राहील. पुष्कळजण वाटणाचा लपेटा चढवतात आणि त्यालाच उदारपणा समजतात. परंतु जाड थर आतून ओला राहतो, बाहेरून जळतो आणि उलटताना कालथ्याला चिकटून निघून येतो. आणखी दहा मिनिटे थांबावे. एवढ्यात कुकरच्या शिट्या होतात, सोलकढी करायची असल्यास नारळाचे दूध काढून होते, आणि तवा तापत ठेवण्याची वेळ येते.

तव्याविषयी माझा आग्रह बिडाच्या तव्याचा आहे. बिडाचे वजन अधिक, त्यामुळे त्याने साठवलेली उष्णता अधिक, आणि थंड तुकड्या टेकवल्यावरही त्याचे तापमान फारसे ढळत नाही. पातळ पत्र्याचा तवा मात्र चार तुकड्या ठेवताच गार पडतो आणि मग मासळी आपल्याच पाण्यात शिजू लागते. नॉनस्टिक तवा असेल तर तोही चालेल, फक्त तो रिकामा फार तापवू नये. मध्यम ते मोठ्या आचेवर तवा तीन-चार मिनिटे तापवून तीन मोठे चमचे तेल घालावे, तेलात सालासकट ठेचलेल्या लसणाच्या तीन-चार पाकळ्या टाकाव्यात आणि त्या तांबूस होताच काढून घ्याव्यात. खाडीकाठच्या घरांतील ही रीत तेलाला सुगंध देते आणि तेल पुरेसे तापले आहे याची साक्षही देते. याच वेळी, आधी नव्हे, तुकड्या तांदळाच्या पिठात घोळाव्यात. चार चमचे पिठात चमचाभर बारीक रवा मिसळल्यास कुरकुरीतपणा वाढतो. नुसता रवा घेतला तर तो जाड कवच करतो आणि तुकडीची चव झाकतो, म्हणून मी पिठाचा पक्षपाती आहे. घोळून ठेवलेली तुकडी पाच मिनिटे राहिली तरी पीठ ओले होऊन लगदा होतो, यास्तव घोळणे आणि तव्यावर ठेवणे ही एकच क्रिया समजावी. जास्तीचे पीठ झटकून टाकावे.

एका वेळी तीन, मोठा तवा असेल तर चार तुकड्या, एकमेकींना न टेकता ठेवाव्यात. चरचर आवाज यायला हवा, आणि तो अखेरपर्यंत टिकायला हवा. तो आवाज म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जात असल्याची वर्दी असते. जोवर पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि खरपूस रंग व वास निर्माण करणाऱ्या क्रिया त्याहून बऱ्याच अधिक तापमानाला घडतात, यासाठीच कोरडेपणाचा मी प्रारंभापासून एवढा पाठपुरावा केला. तुकडी ठेवल्यावर आच किंचित कमी करावी आणि चार मिनिटे तिला हात लावू नये. कच्च्या मांसातील प्रथिने तापलेल्या धातूला धरून बसतात. कवच तयार झाले की ती पकड आपोआप सुटते. कालथा कडेने सरकवून पाहावा, तुकडी अडली तर ती अजून तयार नाही एवढाच त्याचा अर्थ, तिला आणखी अर्धे मिनिट द्यावे, खरवडू नये. मग एकदाच उलटावी, कडेने चमचाभर तेल सोडावे आणि दुसरी बाजू तीन मिनिटे होऊ द्यावी. झाकण ठेवू नये. तुकडी पाऊण इंचाहून जाड निघाली असेल तरच, उलटल्यावर आच मंद करून दोन मिनिटे झाकावे आणि शेवटचे मिनिट पुन्हा उघडे ठेवून कवच कोरडे करावे.

कॅनडाच्या मत्स्य खात्याने एके काळी गृहिणींसाठी एक सोपा नियम सांगितला होता, की मासा सर्वांत जाड ठिकाणी मोजावा आणि दर इंचाला दहा मिनिटे आच द्यावी, मग तो भाजा, तळा किंवा उकडा. आपली अर्ध्या इंचाची तुकडी या हिशेबाने पाच मिनिटांची ठरते. पिठाचे आणि वाटणाचे आवरण व तव्यावर एका वेळी एकाच बाजूने मिळणारी उष्णता ध्यानात घेता सहा-सात मिनिटे हा आकडा अनुभवाशी जुळतो. तरीही घड्याळावर सर्वस्वी विसंबू नये. मधल्या काट्यालगत सुरीचे टोक घालून हलकेच उचकटून पाहावे. तेथील मांस काचेसारखे अर्धपारदर्शक असेल तर कच्चे, दुधासारखे अपारदर्शक होऊन पाकळी काट्यापासून सुटत असेल तर झाले, आणि रसच उरला नसेल, पाकळ्या कोरड्या भुशासारख्या वाटत असतील, तर आपण दोन मिनिटे उशीर केला. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे त्यांनी मध्यभागी 63 अंश सेल्सिअस पाहून तुकडी उतरवावी. पहिल्या फेरीनंतर तव्यात राहिलेले करपलेले कण कागदाने पुसून काढावेत, नाहीतर ते दुसऱ्या फेरीच्या तुकड्यांवर काळे डाग होऊन बसतात. तळलेल्या तुकड्या एकीवर एक रचू नयेत, झाकू तर मुळीच नयेत. जाळीवर किंवा केळीच्या पानावर सुट्या ठेवाव्यात.

इतर माशांना हीच पद्धत लागू आहे, अल्प फेरफाराने. रावस अधिक स्निग्ध आणि त्याच्या पाकळ्या मोठ्या, म्हणून त्याला उलटताना दोन कालथे घ्यावेत. हलवा घट्ट, नवशिक्यांनी त्यापासूनच आरंभ करावा. कुपा लवकर कोरडा पडतो, त्याला मिनिटभर कमी आच. पापलेट, ज्याला महाराष्ट्र शासनाने 2023 साली राज्यमाशाचा मान दिला, ते लहान असेल तर तुकड्या न करता दोन्ही अंगांना तिरप्या चिरा पाडून अख्खेच तळावे. रोहू-कटल्याच्या तुकड्यांत बारीक दुहेरी काटे असतात, ते मुलांच्या ताटात देताना विशेष सावध राहावे. सुरमईत मधला काटा काढला की बहुतेक धोका टळतो, आणि लहान मुलांच्या घरांत ती प्रिय असण्याचे हेही एक कारण आहे.

एका विषयात मात्र लवचिकपणाला जागा नाही. सुरमई, बांगडा आणि कुपा या माशांच्या मांसात एक असे द्रव्य भरपूर असते, की मासळी उबेत राहिल्यास जीवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. हे हिस्टामिन तळल्याने किंवा उकळल्याने नष्ट होत नाही, आणि ते पोटात गेल्यास चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे असे विकार थोड्याच वेळात उद्भवतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेली पिशवी दोन तास गाडीच्या डिकीत उकाड्यात राहिली, तर पुढची कोणतीही पाककुशलता तो दोष भरून काढू शकत नाही. मासळीवाल्या मावशींकडून पिशवीत मूठभर बर्फ मागून घ्यावा, त्या नाही म्हणत नाहीत. आणि उन्हाळ्यात मीठ-मसाल्याची वीस मिनिटेसुद्धा ताटली ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्ये सरकवावी. ज्या ताटलीत कच्ची मासळी होती तिच्यात तळलेली मासळी काढू नये, आणि तिच्यातील उरलेला मसाला चटणी म्हणून पानात न वाढता कालवणात घालून उकळून घ्यावा.

आठवड्याची मासळी रविवारीच आणणाऱ्यांनी तुकड्यांना फक्त मीठ-हळद लावून, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून, जेवणागणिक वेगळ्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. आंबट आणि वाटण त्या त्या दिवशीच लावावे. सकाळी कामावर जाताना एक डबा खालच्या कप्प्यात उतरवून ठेवला, तर संध्याकाळपर्यंत तुकड्या सावकाश सुटतात आणि त्यांचे रूप बिघडत नाही. गरम पाण्यात टाकून घाईने सोडवलेली तुकडी बाहेरून पिळवटते आणि आत बर्फच राहते. पावसाळ्यात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते असा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे; त्या काळात दिसणारी सुरमई शीतगृहातील असते किंवा, जूनचा मध्य उलटल्यावर, पूर्व किनाऱ्याकडून आलेली असू शकते, कारण तिकडची बंदी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विक्रेत्याला तसे सरळ विचारावे. गटारी साजरी करून श्रावण पाळणाऱ्या घरांना नारळी पौर्णिमेनंतरही थोडे थांबावे लागते, आणि मग भाद्रपद-आश्विनात जी ताजी सुरमई येते तिला मसाल्याची फारशी आर्जवे करावी लागत नाहीत. मीठ, हळद, आगळ आणि लाल मसाला एवढ्यावर तिचे भागते, वाटणाचा खटाटोपही वगळता येतो.

सगळ्या तुकड्या निघाल्यावर तव्यात जे चमचा-दीड चमचा लालसर तेल आणि पिठाचे खरपूस कण उरतात, ते पुसून टाकण्यापूर्वी आच बंद करून कुकरमधला वाफाळता भात दोन वाट्या त्यात घालावा, चिमूटभर मीठ भुरभुरावे आणि कालथ्याने तवा खरवडत तो भात सर्व बाजूंनी माखून घ्यावा. आमच्या शेजारच्या काकू हा भात ताटात वाढत नसत. मुले तव्याभोवती बसत, आणि त्या हाताने एकेक घास करून ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवत.